स्टेपनीची जागा

रस्त्यात चाक बदलून आलेल्या ड्रायव्हरच्या शर्टाची पाठ कधी स्वच्छ नसते. निदान आमच्या कारखान्याच्या पिकअपच्या बाबतीत तरी नसायची. तिची स्टेपनी, म्हणजे जादाचं चाक, गाडीच्या पोटाखाली मागच्या अंगाला टांगलेली होती. ती काढायची तर भर रस्त्यात उताणं पडायचं, सरपटत आत जायचं, तोंडावर येणारा नट सोडवायचा आणि ते जड चाक छातीवर न घेता बाजूला उतरवायचं. जयवंत पालव त्या दिवशी मुलुंडच्या चेकनाक्यावर चाक बदलून दुपारी परत आला, तेव्हा त्याच्या पाठीला धूळसुद्धा लागली नव्हती. मी म्हटलं, "काय हो पालव, हवेत तरंगून टायर बदललात काय?"

"थय एक नारळपाणीवालो होतो, ताई. त्येनी काढून दिली," तो म्हणाला, हसला आणि खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन खोकत बसला.

मी वसुधा. साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत विद्याधर कर्णिकांचा काचेच्या उपकरणांचा कारखाना होता, तिथे पॅकिंग माझ्याकडे होतं. परीक्षानळ्या, फ्लास्क, चंचुपात्रं हे सगळं पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरायचं आणि जयवंतच्या गाडीत चढवून द्यायचं. कधी मुलुंडच्या औषध कंपन्यांत, कधी ट्रॉम्ब्याला, कधी सांताक्रूझच्या कॉलेजात. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणत. बारा बायकांच्या हातून काच न फुटता बाहेर पाठवायची असली की जीभ गोड ठेवून चालत नाही, हे कुणी म्हणत नसे. आता जे सांगते आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं सगळं संपल्यावर मला जयवंतच्या बायकोनं, शेवंतीनं सांगितलं, आणि थोडं धोंडू वेल्डरनं.

जयवंत मूळचा मिलचा माणूस. कार्डिंग खात्यात, जिथे कापूस पिंजून निघतो आणि त्याचा भुगा हवेत धुक्यासारखा उभा असतो, तिथे त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. ब्याऐंशीचा संप झाला, मिलचं दार बंद झालं ते त्याच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. त्याच्या खात्यातले काही गावी गेले, काही भाजी विकायला बसले. जयवंत चाळिशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकला. त्याला वाटायचं, मिल गेली ते वाईट झालं, पण निदान छाती तरी मोकळी होईल. तसं झालं नाही. खोकला राहिला आणि वर दम लागायला लागला. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं की कापसाची धूळ आत बसली आहे, ती आता निघायची नाही; सांभाळून राहा. ताठ बसलं की त्याला काही होत नसे. आडवं झालं की श्वास अडायचा. घाटकोपरच्या त्यांच्या खोलीत तो गादीची वळकटी भिंतीला लावून, तिला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. शेवंती सांगायची, "शेजारणी विचारत, तुझा नवरा रात्रभर जागतो का गं? मी म्हणायची, जप करतो."

ही गोष्ट कर्णिकांना ठाऊक नव्हती आणि ठाऊक होऊन चालणार नव्हतं. त्याला कारण होतं. जयवंतच्या आधीच्या ड्रायव्हरला फिट यायची. त्यानं ती लपवली होती. घाटकोपरला बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या रांगेत त्याची गाडी घुसली आणि एका बाईचा पाय गेला. कर्णिक कितीतरी दिवस तिच्या खाटेशी जाऊन बसत. तेव्हापासून ड्रायव्हर ठेवताना ते पहिलाच प्रश्न विचारत: काही दुखणं नाही ना? दमा, फिट, चक्कर? जयवंतलाही विचारलं. तो म्हणाला, "ठणठणीत आहे, साहेब." बसलेला माणूस ठणठणीत असतो, एवढ्यापुरतं ते खरं होतं.

मुलुंडच्या पंक्चरनं त्याची झोप उडवली. नारळपाणीवाला दर वेळी कुठून मिळणार? एकटा असताना ट्रॉम्ब्याच्या त्या ओसाड रस्त्यावर चाक गेलं तर? मदत मिळेपर्यंत माल अडकला, कारण विचारलं, की सगळंच बाहेर. तो घरी गेला आणि शेवंतीला म्हणाला, "ती स्टेपनी खालसून काढून दुसरीकडे बसवक व्हयी." 

"कुठे?"

"ताच तर बघूचा आसा."

तर त्या रविवारी तो गाडी घेऊन धोंडूकडे गेला. धोंडू त्याच्याच गावाकडचा, वेल्डिंगचं आणि गाड्यांच्या हौद्यांचं काम करणारा. त्याचं दुकान आमच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. मालाच्या गाड्या तेव्हा बहुतेक अशा दुकानांतूनच पुऱ्या व्हायच्या. पुढची केबिन कंपनीची, मागचा हौदा धोंडूसारख्यांचा. स्टेपनी कुठे टांगायची याला काही कायदा नव्हता. ज्याला जिथे सुचेल तिथे.

"टपावर टाक ना," धोंडू म्हणाला.

"आनि चढवणार कोण? तुझो बापूस?"

टप म्हणजे डोक्याच्या वर. ते चाक दोन्ही हातांनी वर उचलायचं तर धडधाकट माणसाला घाम फुटतो.

"मग हौद्यात ठेव, कडेला उभी."

त्यालाही जयवंत नको म्हणाला. आमच्या मालाच्या शेजारी सुटं चाक म्हणजे वाट लागलीच. एक ब्रेक दाबला आणि पट्टा सुटला की माझी सगळी चंचुपात्रं भुगा. तेवढी अक्कल त्याला होती, याबद्दल मी त्याला आजही मानते. हौद्याच्या बाहेर, बाजूला लावावी तर आमच्या गल्लीत दोन गाड्या एकमेकींना घासूनच जात. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी दारात पडली असती.

मग धोंडूनं बोट दाखवलं ते गाडीच्या तोंडावर. पुढच्या काचेच्या खाली, दोन दिव्यांच्या मधे. कमरेइतकी उंची, उभ्या उभ्या नट काढा, कुणाच्या जागेत नाही, मालाच्या आड येत नाही. तशा गाड्या मुंबईत तेव्हा फिरत होत्या. जागा अगदी जयवंतसाठीच घडवल्यासारखी होती. पण तिथे त्यानं स्वतःच्या हातानं, पिवळ्या रंगात, 'श्री रवळनाथ प्रसन्न' असं लिहिलं होतं. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी त्या अक्षरांना हात लावून तो कपाळाला लावायचा.

"नाव वर सरकव," धोंडू म्हणाला. "काचेवर लिही."

"देवाक उठवन त्येच्या जाग्यार टायर ठेवू? गू-मुतातसून फिरणारो?"

"अरे, देवाला कळतं तुझी अडचण."

"तेका कळता. माका बरा दिसत नाय."

मला हे धोंडूनं सांगितलं तेव्हा मी चिडले होते. एवढी सोपी जागा या माणसानं भक्तीपायी घालवली, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. पण चिडून काय उपयोग? त्याच्या मनात ते बसत नव्हतं.

राहिली एकच जागा. केबिनच्या पाठीमागे, केबिन आणि हौदा यांच्या मधे, चाक उभं बसवायचं. तिथे फट नव्हती, ती करावी लागणार होती. हौद्याची पुढची फळी हातभर मागे घ्यायची, म्हणजे खोक्यांची एक अख्खी आडवी ओळ कमी होणार. हे मालकाला विचारल्याशिवाय होण्यासारखं नव्हतं.

सोमवारी जयवंत कर्णिकांसमोर उभा राहिला. मी तिथेच चलनं लावत होते.

"साहेब, स्टेपनी खालून चोरीला जाते. सगळीकडे चाललंय. केबिनच्या मागे बसवून घेऊया."

"आपली गेली का कधी?"

"नाय. पण जाईल."

कर्णिकांनी माझ्याकडे पाहिलं. "वसुधाबाई, एक ओळ कमी केली तर चालेल?"

मी म्हटलं, "अजिबात नाही. मुलुंडचा माल दोन खेपांत जाईल." मला तेव्हा जे दिसत होतं ते मी बोलले. कर्णिक म्हणाले, साखळी घाला, कुलूप लावा, हौद्याला हात लावायचा नाही. विषय संपला.

जयवंतसाठी तो संपला नव्हता. शनिवारी संध्याकाळी, साखळी यायच्या आधीच, शेवटची खेप टाकून येताना त्यानं गाडी धोंडूच्या दुकानासमोर उभी केली. धोंडू खाली शिरला, स्टेपनी काढली आणि गॅसच्या नळकांड्यांमागे ताडपत्रीखाली ढकलून दिली. जयवंतनं गाडी कारखान्याच्या आवारात नेऊन लावली, किल्ली खुंटीला अडकवली, घरी गेला. सोमवारी सकाळी गाडीपाशी वाकून बघितलं आणि आत येऊन सांगितलं, "साहेब, स्टेपनी गेली."

कर्णिकांनी कपाळाला हात लावला. पण मनाचे सरळ होते. म्हणाले, "तू सांगत होतास ते मी ऐकायला हवं होतं." त्यांनी नवं चाक आणवलं, धोंडूला बोलावलं, माझ्याकडे न बघता हौदा कापायला सांगितला. चार दिवसांत नवी कोरी स्टेपनी केबिनच्या पाठीशी उभी राहिली. धोंडूनं काम झकास केलं होतं: एक दांडा ओढला की चाक कमरेच्या उंचीवर सुटं व्हायचं आणि घरंगळत खाली यायचं. जयवंतनं ते तीनदा काढून, तीनदा बसवून पाहिलं. त्या दिवशी तो शेवंतीसाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन घरी गेला. ती म्हणाली, "लग्नानंतर दुसऱ्यांदा."

मुंबईत रस्त्यावर चोरी झाली असं त्यानं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच राहिली असती. पण रस्त्यावर म्हणजे गाडी बेवारस सोडली, असा बोल त्याच्यावर आला असता. म्हणून तो आवारातली चोरी म्हणाला. आणि आवाराला फाटक होतं. फाटकाला कुलूप होतं. कुलपाची किल्ली शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत एकाच माणसाकडे होती.

अंबादास आमचा वॉचमन. जालन्याकडचा, पन्नाशीच्या पुढचा, असल्फ्याच्या वस्तीत लेक-जावयाकडे राहायचा. रविवारीही फाटक सोडायचा नाही. लेक डबा आणून द्यायची. कमी बोलायचा. कर्णिकांनी त्याला दोनदा विचारलं, तो दोनदा म्हणाला, "कुणी आलं नाही, साहेब." कुणी आलं नाही आणि स्टेपनी गेली, याचा अर्थ कुणीही काढील तोच कर्णिकांनी काढला. आरडाओरडा केला नाही, पोलिसांत गेले नाहीत. एवढंच म्हणाले, "अंबादास, दसऱ्यापर्यंत राहा. मग दुसरीकडे बघ."

जयवंत तेव्हा पाण्याच्या पिंपापाशी ग्लास घेऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते शेवंती सांगते तेव्हा तिचा आवाज चढतो. घरी गेल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. तोवर तिलाही खरी चोरीच वाटत होती. तिनं वाढलेलं ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. "दुसऱ्याच्या घराची चूल विझवून आलास आणि इथे जेवायला बसतोस?" एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. तो म्हणाला, सांगितलं तर आपली चूल विझेल. तीही तितकीच खरी गोष्ट होती. घरात दोन मुली शिकत होत्या. बेचाळीस-पंचेचाळीसच्या, दम लागणाऱ्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार होतं? तिनं ताट परत आणून त्याच्यासमोर ठेवलं. तो जेवला नाही.

त्याच्या डोक्यात नाना वाटा फिरत होत्या. जुनी स्टेपनी गुपचूप आवारात आणून टाकावी, म्हणजे सापडली असं होईल. धोंडू म्हणाला, "मग तर अंबादासनंच घाबरून परत आणली असं म्हणतील." खरं होतं ते. दुसरीकडे अंबादासला काम लावून द्यावं म्हणून तो चार ठिकाणी विचारून आला. सगळीकडे पहिला प्रश्न, आधीचं काम का सुटलं? त्या दिवसांत फाटकातून गाडी काढताना जयवंत हॉर्न वाजवत नसे. अंबादासनं आपणहून फाटक उघडेपर्यंत वाट बघायचा आणि बाहेर पडताना मान खाली घालायचा. आम्ही बायका म्हणायचो, पालवांना झालंय काय?

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची, भट्टीची आणि गाडीची पूजा असायची. कर्णिकांच्या पत्नी मृणालिनीबाई स्वतः ताट घेऊन येत. निम्मे कामगार कोकणातले, त्यामुळे पूजेनंतर मालवणी गाऱ्हाणं व्हायचं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना सांगते: एक जण देवासमोर उभा राहून मोठ्या आवाजात सगळ्यांच्या वतीनं आपली अडचण देवाला सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देतात. कर्णिकांना ते फार आवडायचं. दर वर्षी गाऱ्हाणं भट्टीवरचे धाकूकाका घालत. ते सांगायचे, गाऱ्हाण्यात अडचण खरी ती सांगायची. देवाला पत्ता चुकीचा दिला तर तो येणार कुठे? त्या वर्षी धाकूकाकांचं घर पावसात बसलं म्हणून ते गावी होते.

"पालव, तू घाल," कर्णिक म्हणाले.

"माका... मला येत नाही, साहेब."

"मालवणचा माणूस आणि गाऱ्हाणं येत नाही? चल, हो पुढे."

सगळ्यांनी त्याला पुढे ढकललं. गाडीला झेंडूच्या माळा होत्या. केबिनच्या मागच्या स्टेपनीलाही कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं. अंबादास नारळ हातात घेऊन चाकापाशी उभा होता. गाऱ्हाणं संपलं की तो फोडायचा हे त्याचं दर वर्षीचं काम. हे त्याचं शेवटचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. जयवंतनं हात जोडले.

"बारा गावच्या, बारा वाडयेच्या देवा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आज दसऱ्याच्या दिसाक तुझी लेकरा हय जमली आसत. तुका नारळ ठेवलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या भट्टयेक, ह्या गाडयेक, हय राबणाऱ्या हातांका यश दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

तो तिथेच थांबवणार होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण गाऱ्हाण्याची एक रीत असते. शेवटाकडे आलं की ज्यानं कुणी वाईट केलं असेल त्याला देवाच्या हवाली करतात. मागून आमच्या लोडिंगवाल्यांपैकी एक जण ओरडला, "स्टेपनीच्या चोराचा पण घाल रे त्यात!" दोघं-तिघं हसले. कर्णिकांनी त्यांना गप्प केलं नाही. अंबादास नारळाकडे बघत होता.

मृणालिनीबाईंनी ताट या हातातून त्या हातात घेतलं. जयवंतला आता चोराला शाप द्यावा लागणार होता, आणि चोर कोण ते देवाला आणि त्याला, दोघांनाही ठाऊक होतं. मग तो बोलायला लागला, आवाज आधीइतकाच मोठा.

"गाडयेची स्टेपनी कोणी चोरूक नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे ठेक्यात म्हणून गेले.

"ती मीच काढलंय. मिलचो कापूस माझ्या छातयेत बसलो आसा. उताणो पडलंय काय दम कोंडता. म्हणान मी ती लपवलंय आनि मालकाक खोटा सांगितलंय म्हाराजा."

दोन-तीन आवाज आले आणि अर्ध्यात विरले.

"अंबादासार आळ इलो तो खोटो आसा. त्येच्या पोटार पाय इलो तो काढून घे. माझा काय करूचा ता तू बघ म्हाराजा."

'व्हय म्हाराजा' आलंच नाही. त्याचा मला राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. अंबादासनं नारळ फोडला नाही. तो वाकला, नारळ चाकापाशी जमिनीवर ठेवला आणि फाटकाकडे चालत गेला.

कर्णिकांनी जयवंतला आत बोलावलं. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि मी प्रसादाच्या पुड्या बांधत बाहेर बसले होते. मला वाटलं होतं ते संतापतील. ते खुर्चीत बसून होते, आवाज खाली होता.

"स्टेपनी लपवलीस. मला फसवलंस. ते मी गिळलं असतं, पालव. आज सगळ्यांसमोर बोललास म्हणून नक्कीच गिळलं असतं."

जयवंत उभा होता.

"पण तुझी छाती. ती मी कशी गिळू? उद्या गाडी चालवताना दम कोंडला तर समोर कोण उभं असेल, तुला माहीत आहे? मला नाही. मी ती बाई बघितली आहे."

"बसून माका काय होत नाय, साहेब."

"आजवर झालं नाही."

जयवंतनं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी मनातल्या मनात कर्णिकांना शिव्या घालत होते, आणि ते चुकीचं बोलत आहेत असं मात्र मला म्हणता येत नव्हतं. 

मग कर्णिक उठून फाटकापाशी गेले. अंबादासनं अंगातला खाकी कोट उतरवून, घडी घालून स्टुलावर ठेवला होता. कर्णिक म्हणाले, "अंबादास, माझी चूक झाली. तू राहा."

"तुम्ही मोठ्या मनानं म्हणालात, साहेब. पण मी जातो."

"अरे, आता कोण तुला चोर म्हणतंय?"

"आता नाही म्हणत कुणी. परवा जावई म्हणाला, मामा, टायर कितीला विकला? लेक समोरच होती. ती काही बोलली नाही." त्यानं पिशवी उचलली. "तिला वाटलं असेल, खरं असेल."

जयवंत मधे आला. त्यानं अंबादासचे पाय धरले. अंबादासनं त्याला उठवलं, तेही दंडाला धरून, सावकाश, त्याला धाप लागली होती म्हणून. "तुझं दुखणं मला सांगितलं असतंस तर ती स्टेपनी मी रोज सकाळी खालून काढून केबिनमधे टाकली असती की रे," एवढं तो म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी जयवंत असल्फ्याला त्याच्या लेकीकडे गेला तेव्हा तो गावी निघून गेला होता. जयवंतनं जावयाला सगळं खरं सांगितलं. जावई ऐकून घेत होता आणि लेक आतल्या खोलीत रडत होती.

पिकअपवर नवा ड्रायव्हर आला, चंद्रप्रकाश नावाचा. चोवीस-पंचवीसचा, बोलका. आणि फाटकावर माणूस हवाच होता. कर्णिकांनी शेवंतीकडे निरोप पाठवला: बसून करायचं काम आहे, पालवला झेपेल. मला वाटतं त्यांनी ते चांगुलपणानंच केलं. शेवंतीनं निरोप सांगितला तेव्हा जयवंत भिंतीकडे तोंड करून बसला. पण मुलींच्या शाळा होत्या, घर होतं. दिवाळीनंतर तो येऊन अंबादासच्या स्टुलावर बसला.

पहिल्याच आठवड्यात चंद्रप्रकाशची गाडी पंक्चर झाली. संध्याकाळी परत आला तो फाटकात गाडी थांबवून, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "पालवकाका, स्टेपनी काय झकास जागी बसवलीय यार. उभ्या उभ्या निघाली. डोकं कुणाचं?"

"धोंडूचा," जयवंत म्हणाला आणि फाटक ओढायला उठला.

अंबादास अंगानं रुंद होता, जयवंत वाळलेला. तो खाकी कोट त्याच्या खांद्यांवरून ओघळायचा, बाह्या बोटांपर्यंत यायच्या. आम्हा बायकांना बघवायचं नाही. एका दुपारी शेवंती डबा घेऊन आली, तेव्हा मीच तिला म्हटलं, "अगं, तो कोट जरा आत घे ना. एका रात्रीचं काम." तिनं जयवंतजवळ जाऊन कोट मागितला. म्हणाली, उद्या नीट करून आणते.

जयवंतनं बाह्या वर सारल्या आणि कोटाची बटणं लावून घेतली.

"नको," तो म्हणाला. "त्येचा माप आसा ता. ऱ्हवांदे."